शिडाच्या कयाकची गाडी: भार तळाने घ्यावा, भोकांनी नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. पेडल आणि शीड दोन्हींवर चालणारी, दोन बाजूंना उलांड्या (तोल राखणारे बाजूचे तरंगते भाग) असलेली साडेपाच मीटरची कयाक आहे, होबी कंपनीच्या टँडम आयलंडच्या जातीची. ती घरापासून पुळणीपर्यंत आणि पुळणीवरून पाण्यात एकट्याने किंवा दोघांनी न्यायची आहे. तळातल्या भोकांत दोन दांडे घालून बसवायची दोनचाकी गाडी कोरड्या वाळूत रुतते. एका भोकाच्या कडेला चीर गेली आहे. पाण्यात गाडी काढताना आणि घालताना फजिती होते ती वेगळीच. गाडी नवी घ्यावी की आहे तीच सुधारावी?

आहे तीच सुधारा. चाकं आणि आस बदलावी लागेल, वर एक छोटी बैठक जोडावी लागेल, पण सांगाडा बहुतेक वेळा कामाचा असतो. चाकं बदलून मात्र थांबू नका. मोठी चाकं लावली की गाडी वाळूवर छान पळते, माणूस खूश होतो, जास्त सामान लादतो, आणि दोन-तीन महिन्यांत दुसरं भोकही चिरतं. म्हणून आधी भोकांचं बघू.

भोक कशासाठी आहे

स्कपर म्हणजे डेकवर आलेलं पाणी खाली सोडणारी आरपार नळी. साच्यात फिरवून बनवलेल्या पॉलिथिलिनच्या कयाकमध्ये वरचं आणि खालचं कवच या नळीपाशी एकमेकांना मिळतं. तिथली भिंत सगळीकडे सारख्या जाडीची नसते. नळी जिथे तळाला मिळते त्या कोपऱ्यात ती पातळ असू शकते, आणि ताणही नेमका तिथेच साठतो. चीर तिथूनच सुरू होते. ती पडली की पाणी डेकवर दिसत नाही, थेट कयाकच्या पोटात जातं.

टँडम आयलंड पूर्ण साजासह साधारण 109 किलो भरते. एकट्याची अ‍ॅडव्हेंचर आयलंड 5.05 मीटर लांब, साधारण 84 किलो. नांगर, दोरी, पाच-सात लिटर पाणी, कोरडी पिशवी, वल्हं धरलं की मोठी कयाक सहज 120 किलोवर जाते. पुढची सगळी गणितं 120 किलो धरून केली आहेत.

हा भार उभा, शांतपणे बसला तर नळीला फारसं काही होत नाही. नळी मरते ती पिळामुळे. चाक दगडाला किंवा वाळूच्या पायरीला अडतं, तुम्ही पुढे हिसका देता, आणि आस तळापासून 25-30 सेंटिमीटर खाली असल्यामुळे दांडे नळीत मागे कलंडतात. नळीच्या खालच्या तोंडाची एक कड आणि वरच्या तोंडाची समोरची कड, एवढ्या दोन बोटभर जागांवर सगळा जोर येतो. असं एका फेरीत पन्नास वेळा होतं.

म्हणून गाडीत तीन बदल करा.

पहिला बदल म्हणजे बैठक. सांगाड्याच्या वर, कयाकच्या लांबीच्या दिशेने दोन पट्ट्या बसवा. प्रत्येकी 45 ते 50 सेंटिमीटर लांब, आणि एकमेकींपासून इतक्या अंतरावर की तळाच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना टेकतील. 63 मिलिमीटरचा काळा एचडीपीई पाईप चांगला, कारण तो उन्हाने ठिसूळ होत नाही. सागवानी पट्टीही चालते. वर 10-12 मिलिमीटर जाडीचा ईव्हीए फोम लावा, साधा स्पंज नको. स्पंज पाणी आणि वाळू पितो आणि तळाला पॉलिश पेपरसारखा घासतो. पट्ट्यांची उंची अशी ठेवा की कयाक त्यांच्यावर बसल्यावर दांड्याचा खांदा आणि तळ यांत 5 ते 8 मिलिमीटर फट राहील. ही फट राहिली नाही तर केलेलं सगळं काम वाया जातं, कारण भार पुन्हा नळीच्या तोंडावरच येतो. फोम दबतो हे धरून फट वजन टाकून मोजा, रिकाम्या गाडीवर नाही.

दुसरा बदल दांड्यांमध्ये. दांडे आता भार घेणार नाहीत, फक्त गाडी जागेवर धरणार. त्यामुळे ते भोकापेक्षा 3-4 मिलिमीटर बारीक असले तरी चालतं. वरची टोकं गोल करा. दांडा डेकच्या वर 3-4 सेंटिमीटर निघेल एवढा लांब हवा. तिथे 6 मिलिमीटरचं आडवं भोक पाडून एक मोठा वॉशर आणि आर-पिन घाला. पिन घट्ट आवळायची नाही. कयाक उसळली किंवा तरंगली तरी गाडी गळून पडू नये, एवढंच तिचं काम. पिनेला बारीक दोरी बांधून ती सांगाड्याला अडकवा. सुट्टी पिन वाळूत पडली की ती गेलीच.

तिसरा बदल बहुतेक जण करत नाहीत, आणि फरक सर्वांत जास्त त्यानेच पडतो. आसेच्या दोन टोकांजवळून दोन पट्टे पुढे न्या आणि उलांडीची पुढची आडवी दांडी जिथे कयाकला जोडलेली असते तिथे बांधा. 25 मिलिमीटर रुंदीचा, दाताच्या बकलचा साधा पट्टा पुरतो. आता चाक अडलं की ओढीचा जोर पट्ट्यांतून जातो, दांडे कलंडतच नाहीत. रॅचेटचा पट्टा टाळा. त्याने हात न थकता कितीही आवळता येतं, आणि उन्हात तापलेल्या पॉलिथिलिनला खळगा पडतो.

गाडी नेमकी कुठे

एकट्याने ओढताना सगळा त्रास नाळेकडच्या (पुढच्या टोकाच्या) हँडलवर हाताला किती वजन येतं त्याचा असतो. हिशेब सोपा आहे: एकूण वजन गुणिले गुरुत्वमध्य आसेच्या किती पुढे आहे ते अंतर, भागिले आसेपासून हँडलपर्यंतचं अंतर. 120 किलो, मध्य आसेच्या 30 सेंटिमीटर पुढे आणि हँडल 2.8 मीटरवर असेल तर हाताला 13 किलोच्या आत वजन येतं. तोच मध्य 60 सेंटिमीटर पुढे आणि हँडल 3.1 मीटरवर असेल तर 23 किलो. पहिलं वजन घेऊन अर्धा किलोमीटर चालता येतं, दुसऱ्याने शंभर मीटरवर कंबर बोलू लागते.

अगदी शून्यावरही आणू नका. मध्य आसेच्या बरोबर वर आला की चढावर नाळ वर उडते आणि मागचं टोक वाळूत नांगरासारखं घुसतं. हाताला 8 ते 12 किलो असावेत.

मध्य शोधायला जाड पाईपचा तुकडा तळाखाली आडवा घाला, त्याखाली फळी ठेवा, आणि कयाक पुढे-मागे लोटत तोल सापडेपर्यंत बघा. उलांड्या मिटलेल्या आणि उघडलेल्या, दोन्ही स्थितींत बघा, कारण मध्य सरकतो. भोकांची जागा कारखान्याने ठरवलेली असते, ती बदलता येत नाही. पण आस भोकांच्या बरोबर खालीच असावी असा काही नियम नाही. बैठकीच्या पट्ट्यांना खाली कोनी जोडून आस 10-15 सेंटिमीटर पुढे घेता येते. बैठक नसलेल्या गाडीत असं करू नका, दांड्यांवर कायमचा पीळ येईल.

लोखंडी काम करायच्या आधी सामान हलवून बघा. नांगर आणि पाणी मिळून 10 किलो दीड मीटर मागे सरकवले तर मध्य साडेबारा सेंटिमीटर मागे येतो. पुष्कळदा एवढ्यानेच भागतं.

चाकं

वाळूत चाक रुतण्याचं कारण वजन नाही, दाब. कडक, भरीव, 25 सेंटिमीटर व्यासाचं आणि 8 सेंटिमीटर रुंद चाक घट्ट जमिनीवर जेमतेम 50 चौरस सेंटिमीटर टेकतं. त्यावर 60 किलो म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सव्वा किलोच्या आसपास. कोरडी वाळू एवढं पेलत नाही, म्हणून चाक खाली जात राहतं आणि शेवटी कयाक स्लेजसारखी सांगाड्यावर घसटते.

पातळ पॉलियुरेथेनच्या फुगीर चाकाचं उलट असतं. त्यात 2 पीएसआय (दर चौरस इंचाला 2 पौंड) हवा असेल तर जमिनीवरचा दाब साधारण तेवढाच राहतो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला 140 ग्रॅम. 60 किलो पेलायला चाक स्वतःच 430 चौरस सेंटिमीटर पसरतं, जवळजवळ पोळीएवढं. उभ्या माणसाच्या पायाचा वाळूवरचा दाब याहून जास्त असतो. म्हणून हवा बरोबर आहे का ते बघायची सोपी खूण: चाकाचा ठसा तुमच्या पावलाच्या ठशापेक्षा उथळ हवा. खोल असेल तर हवा जास्त आहे. लोक नेमकं उलटं करतात, रुतलं की आणखी हवा भरतात.

या वजनाला 42 सेंटिमीटर व्यासाची चाकं योग्य. 30 सेंटिमीटरची चाकं एकट्याच्या हलक्या कयाकला ठीक, पण 120 किलोला ती पूर्ण चपटी होतात आणि वाळूच्या पायरीवर चढत नाहीत.

हवा पेट्रोल पंपावर भरू नका. तिथला कॉम्प्रेसर ट्रकच्या टायरसाठी असतो. त्याने हे चाक दोन सेकंदांत फुटू शकतं. हवेच्या गादीचा हातपंप पुरतो. नेहमीचा गेज एवढ्या कमी दाबावर काही दाखवत नाही, 0 ते 15 पीएसआयचा घ्या. चाकावर छापलेली कमाल मर्यादा ओलांडायची नाही. ही मर्यादा उन्हातही सांभाळावी लागते: सकाळी 25 अंशांना 2 पीएसआय भरलेलं चाक बंद गाडीत 60 अंशांना तापलं तर आतला दाब जवळजवळ 4 पीएसआयवर जातो. प्रवासात हवा सोडून ठेवा, किनाऱ्यावर पोचल्यावर भरा, आणि गाडी सावलीत लावा.

स्वस्त पर्याय विचारतात म्हणून सांगतो. 4.00-8 मापाचा टायर आपल्याकडे कुठेही मिळतो, कारण तो रिक्षाचाही आहे. पण रिक्षाचा टायर कडक असतो. हवा कमी केली तरी त्याची भिंत वाकत नाही. बांधकामावरच्या हातगाडीचा त्याच मापाचा टायर हलका असतो, तो घ्या आणि 6 ते 8 पीएसआय ठेवा. ओल्या, घट्ट पुळणीवर, रस्त्यावर आणि जांभ्याच्या पाखाडीवर तो फुगीर चाकापेक्षा बरा चालतो. फार कमी हवेवर रिम आतल्या आत फिरते, ट्यूब तशीच राहते आणि वॉल्व्ह मुळापासून कापला जातो. वॉल्व्ह रिमच्या भोकात तिरपा दिसू लागला की हवा वाढवायची वेळ झाली.

फुगीर चाकाचे शत्रू म्हणजे खडपांवरची कालवं, केवड्याचे आणि बाभळीचे काटे. पुळणीच्या वरच्या कडेला, जिथे केवडा आणि सुरूची झाडं असतात, तिथून वाट बघून जा. दुरुस्तीला सायकलचं पंक्चर किट चालत नाही. ते रबरासाठी असतं. पॉलियुरेथेनला पॉलियुरेथेनचाच गोंद आणि ठिगळ लागतं.

आस

मोठी चाकं लावली आणि जुनी आस ठेवली की ती वाकते. फुगीर चाक रुंद असतं, त्यामुळे सांगाड्याच्या कडेपासून चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर वाढतं. ते 15 सेंटिमीटर धरा, चाकावर 60 किलो आणि धक्क्यासाठी तिप्पट. 20 मिलिमीटरच्या भरीव स्टेनलेस दांड्यात ताण 330 मेगापास्कलच्या वर जातो. साधं 304 किंवा 316 स्टेनलेस 200-210 च्या आसपास वाकायला लागतं. 25 मिलिमीटरच्या भरीव दांड्यात तो 170-175 वर येतो, म्हणजे चालतो. याहून चांगला उपाय म्हणजे एक इंची शेड्यूल 40 चा स्टेनलेस पाईप: बाहेरचा व्यास 33.4 मिलिमीटर, ताण 120-125 आणि वजन मीटरला अडीच किलो, तर 25 च्या भरीव दांड्याचं 3.9. चाकाचं भोक लहान असेल तर पाईपच्या टोकात भोकाच्या मापाचा खुंट बसवून वेल्ड करून घ्या, पण खुंट पाईपच्या आत किमान 10 सेंटिमीटर गेलेला हवा. नाहीतर वाकायची जागा फक्त बदलते.

दोन चाकांच्या मध्यांत 70 सेंटिमीटर ठेवा. कयाकचा गुरुत्वमध्य जमिनीपासून 60 सेंटिमीटरवर असेल तर 70 च्या रुंदीला ती 30 अंशांपर्यंत कलते तेव्हा उलटते, 50 च्या रुंदीला 22-23 अंशांतच. पुळणीवर तिरकं जाताना, एक चाक खड्ड्यात आणि डोलकाठी उभी असताना, हा फरक महत्त्वाचा ठरतो. 80 च्या पुढे जाऊ नका, पाखाडीत आणि फाटकात अडकाल.

बेअरिंग घालू नका. बॉल बेअरिंग खाऱ्या पाण्यात एका मोसमात गंजून अडकतं. साधा बुश हवा, आणि तो नायलॉनचा नको. नायलॉन पाणी शोषून फुगतं आणि आसेला घट्ट धरतं. मग चाक फिरण्याऐवजी आस सांगाड्यात फिरू लागते. अ‍ॅसिटल किंवा यूएचएमडब्ल्यू पॉलिथिलिनचा बुश लेथवर करून घ्या, अर्धा मिलिमीटर सैल. ग्रीस मुळीच लावू नका. ग्रीसला वाळू चिकटते आणि त्याची व्हॉल्व्ह घासायची पेस्ट होते.

सांगाडा अ‍ॅल्युमिनियमचा आणि बोल्ट स्टेनलेसचे असतील तर मधे प्लास्टिकचा वॉशर आणि बाही घाला. खाऱ्या पाण्यात हे दोन धातू थेट भिडले की अ‍ॅल्युमिनियम झिजतं, पांढरी भुकटी दिसते, आणि बोल्ट असा धरतो की सांगाडा कापावा लागतो. पीव्हीसी पाईपच्या घरगुती गाड्या 25-30 किलोच्या साध्या कयाकला ठीक आहेत. या वजनाला आणि कोकणातल्या उन्हाला नाहीत.

पाण्याच्या कडेला

फजिती होते ती शेवटच्या पाच मीटरमध्ये, कारण तिथे गाडी वेगळी वागू लागते. 42 सेंटिमीटरचं फुगीर चाक 20 लिटरच्या आसपास पाणी बाजूला सारतं. दोन चाकं म्हणजे 40 किलोंचा वर ढकलणारा जोर. म्हणून फुगीर चाकांची गाडी तरंगत्या कयाकखाली चिकटून बसते, आपोआप पडत नाही. ओढून काढली की उसळून वर येते आणि हनुवटीवर बसते. भरीव चाकांची गाडी याच्या नेमकी उलट: कयाक तरंगताच खाली गळते, गढूळ पाण्यात दिसत नाही, आणि पुढच्या लाटेला तळावर आपटते. तिला पिन आणि तीन-चार मीटर दोरीवर एक छोटा बोया, दोन्ही हवेत.

पाण्याकडे निघण्यापूर्वी तळाची गुडदी (पाणी सोडायच्या भोकाचं बूच) बसली आहे का ते हाताने चाचपा. सुकाणू वर, मधला बोर्ड (तळाखाली उतरणारी फळी) वर, पेडलचा ड्राइव्ह काढून डेकवर. ड्राइव्हचे पंख खाली राहिले तर पहिल्याच उंचवट्यावर वाकतात. डोलकाठी घरापाशी उभी करू नका. माडांतून आणि वाड्यांतून विजेच्या तारा कमी उंचीवरून गेलेल्या असतात, आणि डोलकाठी विजेची उत्तम वाहक असते. ती ओल्या वाळूवर, वर पूर्ण मोकळं आकाश बघूनच लावा, नाळ वाऱ्याकडे आणि शीड गुंडाळलेलं.

उलांड्या मिटून रुंदी 1.22 मीटर होते, उघडून 3.05. वाटेत मिटलेल्या, पाण्यापाशी उघडायच्या, आणि उलांड्यांच्या आडव्या दांड्यांच्या पिना पाण्यात शिरण्यापूर्वीच लावायच्या. मिटलेल्या उलांड्यांनी कयाक तरंगली की ती सहज कलंडते, आणि खाली फुगीर चाकं असतील तर आणखीच.

पाणी शांत असेल, खाडीत किंवा सकाळी मतलई वारा असताना, तर मागचं टोक आधी पाण्यात घाला. गाडी मागच्या भागाखाली असल्यामुळे मांडीभर पाण्यात मागचा भाग तरंगतो, नाळ अजून वाळूवर टेकलेली असते, म्हणून कयाक कुठे जात नाही. पट्टे सोडा, पिना काढा, मागच्या टोकाला हाताने थोडं उचला आणि गाडी पायाने खाली दाबून मागे ओढा.

लाट गुडघ्याएवढी असेल तर हे करू नका. गाडीसकट कयाक लाटेत नेली की प्रत्येक लाट तिला उचलून चाकांवर आपटते, आणि भोकं चिरण्याचा याहून खात्रीचा मार्ग नाही. नाळ लाटेकडे ठेवून घोटाभर पाण्यात थांबा. एकाने एका बाजूची उलांडी मिटावी, आडव्या दांडीला धरून कयाक कलवावी, दुसऱ्याने गाडी बाजूला काढावी. एकटे असाल तर मागचं टोक उचलून गाडी मागे सरकवा आणि टोक ओल्या वाळूवर टेकवा. मग उलांडी उघडून पिन लावा आणि दोन लाटांच्या मधल्या फटीत दोन-तीन मीटर सरळ ढकला. पॉलिथिलिनचा तळ ओल्या वाळूवर एवढा घासला तर काही बिघडत नाही. कयाक आणि किनारा यांच्या मधे मात्र उभं राहायचं नाही. आडवी आलेली लाट सव्वाशे किलो थेट गुडघ्यांवर आणते.

परतताना हेच उलट क्रमाने. शीड बाहेरच, खोल पाण्यात गुंडाळून घ्या. बोर्ड, सुकाणू आणि ड्राइव्ह उथळ लागायच्या आधी वर. उतरताना समुद्राच्या बाजूला उतरा. गाडी घालताना फुगीर चाकांना पाण्याखाली दाबायचा हट्ट धरू नका, 40 किलो कोणी दाबत नाही. कयाक घोटाभर पाण्यात टेकवा, जवळची उलांडी मिटून 30-35 अंश कलवा, दोन्ही दांडे एकदम भोकांत सरकवा, पिना लावा आणि सोडा. भोकांत वाळू बसलेली असेल तर आधी पाणी मारा. जोर लावून दांडा घुसवला तर वाळू नळीला रंध्यासारखी तासते.

गाडी किनाऱ्यावर ठेवायची की सोबत न्यायची? मागच्या सामानाच्या जागेतल्या भोकांत ती उलटी खोचता येते, पण दोन मोठी चाकं वारा अडवतात आणि शिडाची दोरी त्यांत अडकते. त्याच जागी परत यायचं असेल तर ती किनाऱ्यावरच ठेवा, पण उधाणाच्या रेषेच्या वर आणि झाडाला बांधून. फुगीर चाकांची मोकळी गाडी वाऱ्याने एकटीच पळते.

पुळण आणि भरती

गाडी कितीही चांगली केली तरी चुकीच्या वेळी गेलात तर अंतर मारतं. मुंबई-अलिबागकडे उधाणाला भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या वर जातो. पुळणीचा उतार 50 ला 1 असेल तर चार मीटर म्हणजे 200 मीटरची चाल, तीही ओली, दमवणारी. अलिबागला ओहोटीत कुलाबा किल्ल्यापर्यंत चालत जातात यावरून कल्पना येईल. दक्षिणेकडे, सिंधुदुर्ग आणि गोव्यात, फरक बराच कमी असतो.

किनाऱ्यावरचा जुना हिशेब इथे उपयोगी पडतो: तिथीला पाऊणने गुणलं की मुंबईच्या भरतीची वेळ ढोबळमानाने येते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. दक्षिणेला भरती मुंबईच्या आधी येते, त्यामुळे तिथे वेळ अलीकडे घ्या. नेमकं काम तक्ता बघूनच करावं. निघायची वेळ अशी धरा की पाणी अर्धं भरलेलं आणि चढतं असेल, आणि परतीची भरतीच्या आसपास, म्हणजे दमलेल्या अंगाने कमी ओढावं लागेल. भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असतो तेव्हा, हे सगळं सोपं जातं.

दापोलीजवळच्या कर्द्यासारख्या घट्ट पुळणीवर हातगाडीची चाकंही पळतात. काशीदसारख्या पांढऱ्या, मऊ आणि तीव्र उताराच्या पुळणीवर फुगीर चाकांशिवाय जाऊ नका, आणि लाट असेल तर मुळीच नको. 10 ला 1 चा चढ 120 किलोला आणखी 12 किलोंची ओढ जोडतो, वाळूची वेगळी. सामानाचा लटकता काटा हँडलला अडकवून एकदा खरी ओढ मोजा. 20 किलोच्या वर गेली तर दोन फेऱ्या करा: डोलकाठी, ड्राइव्ह आणि सामान वेगळं. खाडीच्या गाळात कोणतंच चाक कामाचं नाही. तिथे धक्का किंवा उतार शोधा, आणि त्यावरच्या शेवाळावर गाडीच्या उताराकडच्या बाजूला नाही, चढाच्या बाजूला उभं राहून दोरीने सोडा. वेळास, आंजर्ले अशा ठिकाणी कासवांच्या विणीच्या मोसमात वरच्या कोरड्या वाळूतून चाकं नेऊ नका.

चिरलेलं भोक

भोकाला गेलेली चीर आधी बुजवा, मगच गाडीचं काम काढा. चिरेचं टोक भिंगाने शोधून तिथे 3 मिलिमीटरचं भोक पाडा, म्हणजे ती पुढे सरकत नाही. मग पॉलिथिलिनच्या सळईने प्लास्टिक वेल्डिंग करून घ्या, आणि सळई त्याच जातीच्या प्लास्टिकची आहे याची खात्री करा. एपॉक्सी, पुटी, फायबरग्लास यांपैकी काहीच पॉलिथिलिनला धरत नाही. आठवडाभर धरल्यासारखं दिसतं आणि मग टवका निघतो.

वेल्ड झाल्यावर भोकाभोवती साबणाचं पाणी लावा, झाकणं बंद करा आणि गुडदीच्या भोकातून तोंडाने हवा फुंका. बुडबुडे आले तर वेल्ड पुन्हा. कॉम्प्रेसर इथेही नको, कवच फुगून दुसरीकडे शिवण सुटेल.

घरी आल्यावर गाडी गोड्या पाण्याने धुवा, चाकं आसेवरून काढून बुशातली वाळू काढा. कयाक महिनोन्‌महिने गाडीवर ठेवू नका, विशेषतः पावसाळ्याची सुट्टी घेताना. पॉलिथिलिन एकाच जागी दबून वाकतं. रुंद पट्ट्यांवर पालथी ठेवा, गुडदी काढून. दर पाच-सहा फेऱ्यांनी दांड्याचा खांदा आणि तळ यांतली फट पुन्हा मोजा. ती 3 मिलिमीटरच्या खाली आली असेल तर फोम बसला आहे, बदला.